सुतक आणि क्रियाकर्म : संभाजीविषयक मराठी वाङ्मय आणि ‘सर्वसामान्य हिंदू’

१

‘सर्वसामान्य हिंदू’ ही संज्ञा गेल्या काही दशकांच्या मराठी वैचारिक लेखनात सतत भेटते. परंतु ती कर्त्याच्या जागी क्वचितच येते. धार्मिक राष्ट्रवादाच्या प्रवक्त्यांच्या लेखी हा हिंदू शतकानुशतके अन्याय सोसणारा, निद्रिस्त आणि म्हणून जागवावा लागणारा असतो. त्या राष्ट्रवादाच्या टीकाकारांच्या लेखी तो मुळात सहिष्णू, परंतु भुलवला गेलेला असतो. एका मांडणीत तो निष्पाप बळी ठरतो, दुसरीत निष्पाप फसलेला. दोन्हींत त्याच्यावर काहीतरी घडते. तो स्वतः काही करीत नाही. परस्परांच्या विरोधात उभ्या असलेल्या या दोन विचारव्यूहांनी त्याला निष्पापपणाचे एकच प्रमाणपत्र द्यावे, ही लक्षणीय गोष्ट आहे. जो काही करीतच नाही, त्याला जबाबदारी कुठून येणार?

दोष आणि जबाबदारी यांत फरक करण्याची गरज जर्मनीच्या पाडावानंतर कार्ल यास्पर्सला भासली. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विवेचनात गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि पारभौतिक असे दोषाचे चार प्रकार कल्पिलेले आहेत. पुढे हॅना आरेन्टने दोष हा नेहमी व्यक्तीचा असतो, जबाबदारी मात्र सामूहिक असू शकते, असे प्रतिपादन केले. मनुष्य ज्या समुदायाचा घटक असतो, त्या समुदायाच्या नावाने जे घडते त्याचे उत्तरदायित्व, ते कृत्य त्याने स्वतः केलेले नसतानाही, त्याच्याकडे येते. हा भेद मराठीत पुरेसा रुजलेला नाही. त्यामुळे जबाबदारीचा प्रश्न निघताच ‘त्यात आमचा काय दोष?’ असे उत्तर येते आणि चर्चा तिथेच संपते.

वरवर नीतिशास्त्राचा वाटणारा हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेचाही आहे. समुदायाशी असलेले नाते माणसाला केवळ तत्त्वांतून कळत नाही. कथनांतून त्याला त्या नात्यातील एक भूमिका मिळते. कोणते कथन त्याला कोणती भूमिका देते, आणि कोणती भूमिका त्याच्यापासून लपवते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधून वाहणाऱ्या भीमेचा काठ हा त्या तपासणीसाठी विशेष उपयुक्त प्रदेश आहे. कारण मराठी वाङ्मयातील एक मरण तेथे घडले आणि अद्याप पुरते संपलेले नाही.

२

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे पकडले गेलेले छत्रपती संभाजी आणि कवी कलश यांना औरंगजेबाच्या बहादुरगडच्या छावणीत आणण्यात आले. बहादुरगड म्हणजे आजच्या श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव. दौंड तालुक्यापासून ते भीमेच्या पलीकडे आहे. तेथे त्यांची विटंबना झाली. नंतर छावणीबरोबर नदीच्या वरच्या अंगाला नेऊन ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध करण्यात आला. भीमा-इंद्रायणी संगमावरचे तुळापूर हे त्या वधाचे परंपरामान्य स्थळ हवेली तालुक्यात येते, तर अंत्यविधी जेथे झाला असे मानले जाते ते वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात. समकालीन मोगल वृत्तांतांत खजिन्याविषयीच्या आणि फितूर मोगल सरदारांविषयीच्या विचारणेला स्थान आहे. शिक्षेसाठी धर्मशास्त्राचा आधार घेतल्याचाही उल्लेख आहे. धर्मांतराचा प्रस्ताव आणि त्याला दिलेला बाणेदार नकार हा भाग मात्र उत्तरकालीन मराठी परंपरेत अधिक ठसठशीत होत गेलेला दिसतो.

या मरणाचे मराठी वाङ्मयातील चरित्र मोठे उद्‌बोधक आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीने देहान्त शासन दिलेले होते. या बखरीने घडवलेली दुर्व्यसनी राजाची प्रतिमा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. गडकऱ्यांचे अपूर्ण राहिलेले ‘राजसंन्यास’ हे नाटक त्याच प्रतिमेतून निघते. त्यातील राजा विलासात हरवतो आणि पश्चात्तापाने उंचावतो. सावरकरांच्या ‘हिंदुपदपादशाही’तही (१९२५) राज्यकर्ता संभाजीविषयी नापसंती आणि मरणाऱ्या संभाजीविषयी गौरव असा दुभंग आहे. या टप्प्यावरच्या लेखनात जगणे सदोष आणि मरण निर्दोष आहे. जगण्यातला दोष मरणाने धुऊन निघतो, ही या कथनाची मूळ संरचना होय.

वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि पुढे कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने (१९७१) ही प्रतिमा साधनांच्या आधारे मोडली. वढूचे समाधीस्थान निश्चित करण्यातही बेंद्र्यांच्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. यातून समोर आला तो संस्कृत जाणणारा, ‘बुधभूषण’चा कर्ता म्हणून ओळखला जाणारा, चार आघाड्यांवर लढणारा राजा. याच राजाने १६७८ मध्ये दिलेरखानाकडे जाण्याचा निर्णय घेतला होता आणि १६८१ मध्ये औरंगजेबाविरुद्ध बंड केलेल्या शाहजादा अकबराला आश्रयही दिला होता. धर्माच्या एकाच सूत्रात हे आयुष्य ओवणे कठीण आहे. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८), शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटलांची ‘संभाजी’ (२००५) ही या पुनर्मूल्यांकनाची ललित फळे म्हणता येतील. त्यांच्या गुणवत्तेत फरक आहे. कानेटकरांना पितापुत्रसंबंधातील ताण दिसला, तर कादंबरीकारांना पराक्रमाचा विस्तार दिसला. परंतु बखरीने लादलेला कलंक पुसण्याचे काम सर्वांनी आपापल्या परीने केले.

तथापि कलंक पुसताना मूळ संरचना मात्र शाबूत राहिली. पूर्वी सदोष जगण्यानंतर निर्दोष मरण येत होते. आता निर्दोष जगण्यानंतर येऊ लागले. मरणाचे उत्कर्षबिंदू असणे अबाधित राहिले. याला लेखकांच्या हेतूपेक्षा रूपबंध अधिक कारणीभूत आहे. शोकात्मिका आणि वीरचरित्र या दोन्ही रूपांत नायकाचे मरण हेच कथनाचे शिखर असते. त्यानंतर जे उरते ते उपसंहाराच्या वाट्याला जाते. वाचक त्या शिखरावर थांबतो. पुस्तक मिटताना त्याच्याजवळ क्षोभ असतो, आणि त्या क्षोभाने काय करायचे याविषयी कथन मौन पाळते.

३

हे मौन कोणीतरी भरून काढणार, हे उघड होते. शिवप्रतिष्ठान हिंदुस्थान या संघटनेने रुजवलेला ‘धर्मवीर बलिदान मास’ या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. फाल्गुन महिन्यात सहभागी तरुण मुंडन करतात, अनवाणी राहतात, आवडीची एखादी वस्तू वर्ज्य करतात. चिन्हव्यवस्था म्हणून पाहिल्यास हे सुतक आहे. ज्या घरात मृत्यू घडला त्या घरची माणसे जे पाळतात, ते इथे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी पाळले जाते. सुतक पाळणारा स्वतःला मृताचा सगा ठरवतो. ‘सर्वसामान्य हिंदू’ला येथे प्रथमच एक निश्चित भूमिका मिळते, आणि ती भूमिका सोपी नाही; तिच्यात संयम आहे, शारीरिक कष्ट आहेत, समर्पणाची ओढ आहे. हिचे आकर्षण ज्यांना केवळ हास्यास्पद वाटते, त्यांना तिची शक्ती कधीच कळणार नाही.

परंतु हिंदू आचारात सुतकाला मुदत असते. दहावा होतो, तेरावा होतो, गोडाचे जेवण होते आणि घर पुन्हा जगाच्या व्यवहारात येते. मृताला निरोप देऊन जिवंतांना मोकळे करणे, हा या सगळ्या विधीचा गाभा आहे. वर्षश्राद्ध येते तेही स्मरणाचे, सुतकाचे नव्हे. जे सुतक प्रतिवर्षी नव्याने सुरू होते आणि ज्याला तेरावा नाही, ते परंपरेच्या भाषेत परंपरेला अपरिचित असे काहीतरी सांगते. त्यात मृताला निरोप दिला जात नाही. देह जणू अद्याप नदीकाठी पडलेला आहे आणि तो तसाच पडून राहिला पाहिजे; कारण तो उचलला गेला तर क्षोभाचे प्रयोजन संपेल.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या, सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाने हीच स्थिती पडद्यावर आणली. त्याच्या शेवटाचा मोठा भाग छळाच्या दृश्यांनी व्यापलेला आहे. कादंबरीच्या वाचकाला पान उलटता येते, थांबता येते. चित्रगृहातील प्रेक्षकाला त्या देहासमोर बसवून ठेवले जाते. प्रदर्शनानंतर दोन प्रतिक्रिया उमटल्या. फितुरीच्या चित्रणाविरुद्ध शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. दुसरीकडे औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी जोर धरू लागली आणि १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात हिंसाचार झाला. दोन्ही प्रतिक्रियांमागे दोष रक्तातून उतरतो हे एकच गृहीतक होते. शिर्क्यांच्या बाबतीत ते अन्यायकारक आहे हे सर्वांना तत्काळ पटले. आजच्या मुसलमानांच्या बाबतीत ते तितक्याच सहजपणे का पटू नये, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. दोषाचा वारसा नाकारणारा आणि दोषाचा वारसा लादणारा समाज एकच होता.

‘धर्मवीर’ की ‘स्वराज्यरक्षक’ हा वादही या संदर्भात पाहता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी विधानसभेत दुसऱ्या विशेषणाचा आग्रह धरल्यावर मोठा गदारोळ झाला. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१७ ते २०२० या काळात गाजली. तिच्यातील नायक अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूर मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. विशेषणाचा हा पालट महत्त्वाचा आहे. त्याने मरणाचे कारण धर्माकडून राज्याकडे सरकते. परंतु तो पुरेसा नाही. दोन्ही विशेषणे नायकाचीच आहेत. सामान्य माणसाने काय केले, या प्रश्नाला त्यांत जागा नाही.

४

तो प्रश्न वढूच्या लोकपरंपरेत आहे. तिच्यानुसार वध झाल्यावर देहाचे तुकडे नदीकाठी टाकून देण्यात आले. बादशहाचे सैन्य जवळ असताना गावातील माणसांनी ते गोळा केले, शिवले आणि अग्नी दिला. परंपरेचा एक धागा हे श्रेय शिवले घराण्याला देतो, दुसरा गोविंद गोपाळ या महार व्यक्तीला. समकालीन साधनांत या अंत्यविधीचा तपशील मिळत नसल्यामुळे कागदाच्या बळावर निवाडा करणे अवघड आहे. वाङ्मयसमीक्षेला मात्र त्या निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लोकांनी कोणती गोष्ट सांगण्याजोगी मानली, हे तिच्यासाठी पुरेसे साधन आहे.

सोफोक्लिजच्या ‘अँटिगनी’चे स्मरण येथे अपरिहार्य आहे. तेथेही राजाज्ञा मोडून एका देहाला अंत्यसंस्कार दिला जातो. परंतु अँटिगनी मृताची बहीण आहे. तिचे कर्तव्य रक्ताने ठरलेले आहे. वढूची माणसे मृताची कोणी नव्हती. देह गावाच्या शिवेत पडला होता एवढेच त्यांचे त्याच्याशी नाते. शोकात्मिकेला लागणारे उच्च कुळ, दीर्घ भाषणे, राजाशी समोरासमोर संघर्ष यांपैकी इथे काहीच नाही. भीती आहे, घाई आहे, सुईदोरा आणि सरपण आहे. या माणसांनी सूड घेतल्याचे परंपरा सांगत नाही, क्षोभाने घोषणा दिल्याचेही सांगत नाही. समोर पडलेल्या देहाचे काय करायचे, या प्रश्नाला त्यांनी कृतीने उत्तर दिले आणि त्या कृतीचा धोका पत्करला. उत्तरदायित्व हा शब्द ‘उत्तर देणे’ या क्रियेतूनच आलेला आहे. सामान्य हिंदूच्या जबाबदारीची इतकी नेमकी प्रतिमा संभाजीविषयक वाङ्मयात दुसरी सापडणे कठीण आहे.

परंतु या प्रतिमेचेही पुढे काय झाले, ते पाहिले पाहिजे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू येथे गोविंद गोपाळ यांच्याविषयीच्या फलकावरून तंटा झाला; त्यांच्या समाधीची नासधूस झाली. तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, जवळच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीचे सैन्य यांच्यात १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईला त्या दिवशी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. जयस्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या मृत सैनिकांच्या नावांत महार सैनिकांची नावे ठळक संख्येने आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे भेट दिल्यापासून हे स्थळ दलितांच्या आत्मभानाचे केंद्र झाले आहे. त्या दिवशीच्या हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला, चौकशीसाठी न्या. जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. कोणी काय केले याचा निर्णय न्यायसंस्थेचा आहे. येथे पाहायचे आहे ते फलकावरील भांडणाचे स्वरूप.

देह कोणी उचलला, हा १६८९ मध्ये धोक्याचा प्रश्न होता. २०१७ मध्ये तो मानाचा प्रश्न झाला होता. गावगाड्यात मान हे वतन असते. ते वंशाने चालते आणि वाटून घेतल्यास कमी होते. एकेकाळी जी जबाबदारी होती, तिचे वतन झाले. वतन झाल्यावर जबाबदारीचा एकमेव गुण नष्ट होतो : ती कोणालाही, कधीही, जातिकुळाची अट न ठेवता घेता येते. ज्या कथनात जातीची उतरंड मोडण्याची शक्यता होती, त्याच कथनावरून उतरंड पुन्हा उभी करण्यात आली. ‘सर्वसामान्य हिंदू’ या संज्ञेचा पोकळपणाही येथेच उघडा पडतो. मुसलमानासमोर उभे करताना जो एक असतो, तो फलक लावण्याची वेळ येताच दुभंगतो. ज्याला स्पर्शाचा अधिकार शतकानुशतके नाकारला, त्याच्या हाताने राजाच्या देहाला अग्नी मिळाला ही स्मृती ज्यांना सोसवत नाही, त्यांच्या ‘हिंदू’ या शब्दात किती माणसे मावतात, असे विचारणे भाग आहे.

५

भीमेच्या दुसऱ्या अंगाला, दौंड तालुक्यातील यवत येथे, हा प्रश्न अलीकडेच पुन्हा उभा राहिला. जुलै २०२५ च्या अखेरीस तेथे शिवछत्रपतींच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाची सभा झाली. १ ऑगस्टला समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन दगडफेक आणि जाळपोळ झाली, प्रार्थनास्थळाची नासधूस झाली. पोलिसांना अश्रुधुराचा वापर करावा लागला आणि जमावबंदी लागू झाली. मजकूर एका व्यक्तीचा होता. उत्तर एका समुदायाला देण्यात आले. दोष वैयक्तिक आणि जबाबदारी सामूहिक, हा आरेन्टचा भेद येथे नेमका उलटा झालेला दिसतो. परक्यांच्या बाबतीत दोष सामूहिक आणि स्वकीयांच्या बाबतीत जबाबदारी कोणाचीच नाही, हे धार्मिक राष्ट्रवादाचे व्याकरण आहे. हे व्याकरण हातात दगड घेणारे थोडे लोक चालवीत नाहीत. दार लावून घेणारे, ‘बाहेरची माणसे होती’ असे सांगणारे आणि दुसऱ्या दिवशी तेच चलचित्र पुढे पाठवणारे पुष्कळ लोक ते चालवतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जबाबदारीची ही मागणी केवळ हिंदूंकडेच का? मुस्लिम समाजातील जमातवादाची परखड चिकित्सा हमीद दलवाई यांनी स्वतः मुसलमान राहून केली. त्यांचे मोठेपण त्यातच आहे. नरहर कुरुंदकरांचे ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’मधील लेखन कोणत्याही जमातवादाला सूट देत नाही, आणि त्याचे नैतिक वजन हिंदू समाजाची चिकित्सा आधी केल्यामुळे वाढलेले आहे. जबाबदारी ‘आपल्या’ नावाने जे घडते त्याची असते; दुसऱ्याची जबाबदारी मोजून आपली ठरवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जमावासमोर एकटा माणूस काय करणार? या आक्षेपात भीतीची कबुली आहे, म्हणून तो आदराने ऐकला पाहिजे. परंतु वढूच्या परंपरेतील माणसांनीही बादशहाला रोखले नव्हते. वध टाळणे त्यांच्या हाती नव्हते. वधानंतरचे काम त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.

मराठी वाङ्मयीन संस्कृतीत याचे एक अर्वाचीन उदाहरण आहे. गांधीहत्येनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, साने गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. हत्येशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. उलट आदल्याच वर्षी मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले होते. तरीही जे घडले ते महाराष्ट्रीय हिंदूच्या हातून घडले, म्हणून प्रायश्चित्त घेण्याचा अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतला. त्याच दिवसांत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरे जाळली जात होती. या दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवून वाचाव्यात. जमाव हत्येचा दोष जन्मावरून दुसऱ्यावर टाकीत होता. गुरुजी दोष नसताना जबाबदारी स्वतःवर घेत होते. पहिल्या कृतीतून नवे मृत्यू आणि नवी सुतके निर्माण झाली. दुसरीने एका सुतकाला अंत दिला.

गुरुजींच्या लेखनाला भाबडे म्हणून बाजूला सारण्याची मराठी समीक्षेला सवय आहे, आणि वाङ्मयीन निकषांवर त्यातील काही भाग समर्थनीयही असेल. परंतु ‘सर्वसामान्य हिंदू’ कर्ता म्हणून कसा दिसतो, हे दाखवणारी जी थोडी कृत्ये मराठी परंपरेत आहेत, त्यांत हे एक आहे. त्याचा नाट्यविषय किंवा कादंबरी झाली नाही याचे कारण पुन्हा रूपबंधातच आहे. मरणाचे शिखर गाठणाऱ्या कथनांना प्रायश्चित्ताचा सपाट, दिवसामागून दिवस जाणारा काळ पेलत नाही.

संभाजीविषयक वाङ्मयाने मराठी वाचकाला एक राजा परत मिळवून दिला, हे त्याचे ऋण आहे. गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडून टाकणाऱ्यांना हे ऋण कळलेले नव्हते. प्रतिमा मोडायची ती संशोधनाने आणि लेखनाने, हे बेंद्र्यांनी दाखवून दिलेले होते. परंतु राजाच्या मरणाशी थांबलेले हे वाङ्मय अजून वढूच्या घाटावर उतरलेले नाही. ती रात्र, ते भ्यालेले गाव, देहाला प्रथम हात लावणारा माणूस, त्याची जात आणि त्या क्षणी गळून पडलेली जात, यांची कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिच्यात नायक नसेल. वाचकाला तिच्यातून क्षोभ मिळणार नाही. समोर पडलेल्या देहाचे काय करायचे, एवढा एकच प्रश्न मिळेल. भीमेच्या दोन्ही काठांवर तो प्रश्न आजही उत्तराची वाट पाहत आहे.